हैदराबादेत मी गाळलेली ओळ

हैदराबादहून आल्यापासून लोक मला दोनच गोष्टी विचारतात. मोती आणले का, आणि बिर्याणी खाल्ली का. मोती आणले नाहीत. बिर्याणी आमच्याकडे चालत नाही. चारमिनार रिक्षातून लांबून पाहिला, तोही दोन बसच्या फटीतून. यावर लोक ‘मग गेलात कशाला?’ अशा चेहऱ्याने बघतात. कशाला गेले आणि तिथे काय करून बसले ते एकदा सविस्तर सांगून टाकते, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासते. सव्वीस वर्षं झाली. घरी आलेल्या लग्नपत्रिकेवरसुद्धा माझं लाल पेन फिरतं. वाक्य लांब दिसलं की माझा हात शिवशिवतो. आमचे हे म्हणतात, ‘हिला कुणी प्रेमपत्र लिहिलं असतं तर हिने दुरुस्त करून परत पाठवलं असतं.’ तर अशी मी, माझ्या नणंदेच्या घरी पाच दिवसांसाठी निघाले. बोलावणं नणंदेच्या यजमानांचं, दिगंबररावांचं होतं. त्यांनी फोनवर सांगितलं, ‘वैनी, सतरा सप्टेंबरला या. तुम्हाला आमचं स्वातंत्र्य दाखवतो.’

पंधरा ऑगस्टला देश स्वतंत्र झाला एवढं मला ठाऊक होतं. हैदराबाद संस्थानात ते स्वातंत्र्य तेरा महिन्यांनी पोचलं, हे शाळेत एका ओळीत शिकले होते आणि विसरलेही होते.

बरकतपुरा

वन्संचं घर बरकतपुऱ्यात आहे. पुढे दोन नारळ, मागे कढीपत्ता, आणि नवीन आलेल्या केबलची काळी वायर नारळाच्या खोडाला गुंडाळून गच्चीवर गेलेली. वन्सं लग्नाआधी आमच्या घरात सगळ्यांत शुद्ध बोलायच्या. आता ‘नक्को’, ‘हौ’ आणि ‘परेशान’ याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. जेवायला ज्वारीची भाकरी, खट्टी दाल आणि अंबाडीचं लोणचं होतं. त्या लोणच्याला तिथे गोंगुरा म्हणतात. मी तीनदा वाढून घेतलं.

दिगंबरराव सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, उंच, हळू बोलणारे गृहस्थ. मूळ नांदेडकडच्या खेड्यातलं शेतकरी घर. शाळा उर्दूतून झालेली, त्यामुळे मराठी वाचतात भराभरा, पण लिहिताना प्रत्येक अक्षर जपून काढतात. काचीगुड्याच्या अलीकडे एका गल्लीत मराठी मुलांचं बोर्डिंग होतं, तिथे ते शिकायला होते. सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला, संस्थानात तिरंगा लावणं गुन्हा असताना, या बोर्डिंगच्या गच्चीवर अकरा मुलांनी झेंडा लावला. दिगंबरराव त्यांतले एक. आता बोर्डिंगच्या जागी मराठी मंडळाचा हॉल आहे, आणि हॉलच्या भिंतीत या प्रसंगाची शिळा बसवायची होती. उद्घाटन सतरा तारखेला.

संध्याकाळी मिरचीची भजी खाताना त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला.

‘वैनी, आमची मराठी म्हणजे खिचडी. तेलुगू, उर्दू, सगळंच पडलेलं. दगडावर जायचं आहे. तुम्ही पुण्याच्या, जरा साफ करून द्या.’

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. दगड एका ग्रॅनाइट निर्यात करणाऱ्या शेठनी फुकट दिला होता. हल्ली तो दगड जहाजाने परदेशी जातो आणि शेठना बोलायला वेळ नसतो. त्यांची एवढीच अट होती की खाली त्यांच्या कंपनीचं नाव दोन ओळींत यावं. म्हणजे मजकुरातल्या दोन ओळी कमी करायच्या होत्या. शेठचे मॅनेजर मजकूर न्यायला बाहेर स्कूटरवर थांबलेच होते.

कागद पाहिला. वर अकरा नावं, खाली मजकूर, आणि तो अख्खा मजकूर म्हणजे एकच वाक्य. वाक्यात वाक्य, त्यात वाकळ, पोळ्या, झडती, ‘याद’. मला हसू आलं, ते मी भज्याबरोबर गिळलं. नावांना मी हात लावला नाही. नावं म्हणजे पुरावा, त्यांना हात लावायचा नसतो, एवढं मला कळतं. बाकीचं मी वीस मिनिटांत असं करून दिलं: ‘या पवित्र स्थळी, जुलमी राजवटीची तमा न बाळगता, अकरा तरुणांनी प्राणपणाने राष्ट्रध्वज फडकवला.’ स्वच्छ अक्षरात लिहिलं, दोन ओळी वाचवल्या, आणि मॅनेजर आत येईपर्यंत चहाही संपवला.

‘तुम्ही एकदा वाचून बघा ना,’ मी म्हटलं.

‘तुम्ही बघितल्यावर मी काय बघू?’ असं म्हणून दिगंबररावांनी कागद पाकिटात घातला.

माझ्या कामावर माणसाने इतका विश्वास टाकलेला पाहून मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

विद्यानगर

दुसऱ्या दिवसापासून ‘आमचं स्वातंत्र्य’ पाहायला सुरुवात झाली. आधी विद्यानगर, मग तिथून चालत विद्यापीठ. आपल्याकडे अशा जागी पुतळा असतो, कठडा असतो, पुतळ्यावर कावळा असतो. इथे काहीच नव्हतं. दिगंबरराव छत्रीच्या टोकाने दाखवत होते आणि मी बघत होते. या वसतिगृहातली पोरं देशाचं गीत म्हणतात म्हणून काढून टाकली. या झाडाखाली पत्रकं वाटली. ते झाड तेच का, असं विचारल्यावर म्हणाले, ‘झाड दुसरं असेल. जागा तीच आहे.’

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागलेल्या. एका पाटीवर विमान काढलेलं होतं आणि विमानाच्या शेपटीला ‘थेट अमेरिका’ असं लिहिलेलं. मुलं दप्तरं पाठीला लावून त्या जिन्यांवर चढत होती. मी त्यांतल्या एकीला विचारलं, इथे पूर्वी काय झालं होतं ठाऊक आहे का? ती म्हणाली, ‘इधर? पहले टायपिंग का क्लास था, आंटी.’

दिगंबरराव हसले. मग म्हणाले, ‘दाखवायला काहीच नाही, वैनी. सांगायलाच आहे. आणि सांगणारे संपत चाललेत. म्हणून तो दगड.’

आमच्या पुण्यात पाट्याच पाट्या. कोणत्या वाड्यात कोण किती दिवस राहिलं याचीसुद्धा पाटी. त्यातल्या निम्म्या मी न वाचता पुढे जाते. या माणसाला एका पाटीसाठी जवळजवळ पन्नास वर्षं थांबावं लागलं होतं, आणि ती पाटी मी वीस मिनिटांत उरकली होती. तेव्हा मात्र मला हे सुचलं नाही. तेव्हा माझे पाय दुखत होते.

कोठी

तिसऱ्या दिवशी कोठीला इंग्रज रेसिडेंटचा जुना महाल पाहिला. अठराशे सत्तावनसाली याच्यावर हल्ला झाला होता. पुढे प्रचंड खांब, दगडी सिंह, आणि आत मुलींचं कॉलेज. दारावरच्या माणसाने मला सोडलं आणि दिगंबररावांना अडवलं.

‘बाबाजी, मर्दों को नै.’

‘जाऊ द्या वैनी, तुम्ही बघून या. मी आजवर कधी आत गेलोच नाही,’ ते शांतपणे म्हणाले.

मी आत गेले. सिंहाच्या पाठीवर ओढण्या वाळत होत्या आणि पायऱ्यांवर बसून दोघीजणी डब्यातला लिंबूभात खात होत्या. त्यांनी मलाही दिला. बाहेर येऊन मी दिगंबररावांना सगळं वर्णन करून सांगितलं, तर ते लहान मुलासारखे विचारत राहिले, जिना कसा आहे, आरसे अजून आहेत का. इथलं सगळं ज्यांना माहीत, त्यांना आतलं मी सांगत होते. येताना रिक्षात माझी छत्री राहिली. रिक्षावाला गेला तो गेलाच. वन्सं म्हणाल्या, ‘हैदराबादची आठवण म्हणून तुमच्याकडून काहीतरी घेतलं म्हणायचं.’

अफझलगंज

चौथा दिवस अफझलगंजचा. मुसीच्या काठावरचं मोठं ग्रंथालय पाहिलं. मुसी म्हणजे नदी, असं सांगावं लागतं. समोरच्या इराण्याकडे चहा घेतला. त्या चहाला साय इतकी की चमचा उभा राहील. बोर्डिंगची मुलं या ग्रंथालयात बंदी नसलेली वर्तमानपत्रं वाचायला यायची आणि बंदी असलेली त्यांच्या घडीत घालून न्यायची, असं दिगंबरराव सांगत होते. चहा संपल्यावर ते उठले.

‘चला, आता खरी जागा दाखवतो. जागा म्हणजे माणूस आहे.’

बाजाराच्या मागे, धान्याच्या गोदामांच्या गल्लीत एक पिवळी पाटी असलेला एसटीडी बूथ होता. काचेच्या खोक्यात एक माणूस दुबईला ओरडून बोलत होता. गल्ल्यावर पन्नाशीची बाई बसलेली. तिचं नाव सरोजा. आतल्या खोलीत, खाटेवर तिची आई होती. पंचाहत्तरीच्या पुढची, सुकलेली, पण डोळे लखलखीत.

‘या गोदाबाई,’ दिगंबरराव म्हणाले. ‘बोर्डिंगात आमच्या भाकरी करायच्या.’

गोदाबाई. हे नाव मी कुठे वाचलं होतं? आठवायला एक क्षण लागला: भज्यांशेजारी ठेवलेल्या त्या कागदावर.

गोदाबाईंनी मला खाटेवर शेजारी बसवून घेतलं. ‘पुन्याच्या का? या बाई. दिगू सांगितला मला, पुन्याच्या वैनी लिवून द्यायल्यात म्हनून.’

मग त्यांनी सगळं सांगितलं. मला ते विचारावंही लागलं नाही. झेंडा नांदेडकडून कुणीतरी तुकड्यांत आणला होता. ठेवायचा कुठे? बोर्डिंगची झडती ठरलेली. तेव्हा गोदाबाईंनी आपल्या वाकळीची शिवण उसवली आणि जुन्या लुगड्यांच्या पदरांमध्ये ते तुकडे घालून पुन्हा टाके घातले. आमच्याकडे जिला गोधडी म्हणतात ती ही वाकळ. तिच्यावर तान्ही मुलगी निजवली. ती मुलगी म्हणजे ही सरोजा.

‘पोलीस आले. डब्बे सांडले, पीठ सांडलं, पोरांच्या ट्रंका उलट्या केल्या. एकजन वाकळीपाशी आला. आन ही,’ त्यांनी बाहेर बोट दाखवलं, ‘ही बगा, लई हुशार, येळेवर हगली. कोन हात लावतो? नाक धरून गेला बगा!’

त्या हसल्या, दिगंबरराव हसले, बाहेर सरोजासुद्धा लाजून हसली. मीही हसले. मग गोदाबाई म्हणाल्या, ‘नंतर कळलं बोर्डिंगवाल्या लोकांला. घाबरले बिचारे. म्हनले, बाई, तू जा. मी गेले. लेकरू घेऊन हितं आले, गोदामात धान्य निवडलं. पोरांची नावं झाली, चांगलं झालं. माझं काय, मी भाकरी करनारी. पन दिगू म्हनला, दगडावर तुजं बी नाव यायलंय.’

त्यांनी माझा हात धरला होता. तो हात सोडवून घ्यावासा वाटला आणि सोडवता येईना. त्या म्हणाल्या, ‘उद्या येते मी. दुपारपासून येऊन बसते.’

दगडावर अकरा नावं होती. ती मुलांची यादी होती. गोदाबाई यादीत नव्हत्या, वाक्यात होत्या, त्या लांबलचक, वेड्यावाकड्या वाक्यात. त्या काळी भिऊन बोर्डिंगवाल्यांनी त्यांना काढलं होतं. मला तर कुणाची भीतीही नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी दिगंबररावांना सांगितलं. इकडचं तिकडचं न बोलता सांगितलं, ‘मी ते काढलं. गोदाबाईंचं सगळं काढलं. मला वाक्य लांब वाटलं.’

ते थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘विचारलं का नाही, वैनी? कोण गोदाबाई, एवढं विचारायचं.’

मग तेच म्हणाले, ‘नाही, चूक माझी. मी वाचायला पाहिजे होतं.’ आणि त्यांनी रिक्षा थांबवली.

बैल गेला आणि झोपा केला, तशी आमची ती धाव. दगडाचा कारखाना गावाबाहेर. सगळीकडे पांढरी धूळ, पाण्याखाली फिरणाऱ्या करवती, आणि बंदराकडे निघालेल्या चकचकीत लाद्यांच्या थप्प्या. आमची शिळा भिंतीला टेकवून ठेवली होती. अक्षरं कोरून झाली होती आणि कारागीर त्यांत सोनेरी रंग भरत होता. काम सुरेख केलं होतं. एकही चूक नव्हती. मी सवयीने तपासली.

‘एक ओळ घालायची आहे,’ दिगंबरराव त्याला हिंदीत म्हणाले.

‘किधर डालूँ साब? नीचे सेठ की लाइन है.’

‘मग यातलं काही पुसून?’

त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण तोवर मी रडायला लागले होते. ‘पत्थर है अम्मा,’ तो समजुतीने म्हणाला. ‘कागज रहता तो मिटाता मैं.’

तिथल्याच फोनवरून दिगंबररावांनी मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं. कार्यक्रम पुढे ढकलणं शक्य नव्हतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, शेठही येणार होते. खाली वेगळी छोटी पाटी लावू, पुढच्या बैठकीत विषय घेऊ, असं ते म्हणाले. वन्संच्या पत्रांवरून कळतं की विषय अजून बैठकीतच आहे.

त्या संध्याकाळी मी दिगंबररावांना म्हटलं, गोदाबाईंना जाऊन सांगून येऊ. ते म्हणाले, ‘उद्या सांगू. आज झोपू द्या त्यांना.’ मला ते लगेच पटलं. अशा गोष्टी लगेच पटतात.

सतरा सप्टेंबर

त्या दिवशी मराठवाड्यात गावोगाव झेंडावंदन असतं, असं ऐकलं होतं. हैदराबादेत दुकानं रोजच्यासारखी उघडी होती. मंडळाच्या हॉलपुढे मात्र मांडव होता, ताशा होता. गोदाबाई दुपारीच येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. निऱ्या कडक, केस चोपून बसवलेले. सरोजाने बूथ बंद ठेवला होता.

भाषणं झाली. शेठनी पडदा ओढला. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी सांगितलं की मजकूर पुण्याच्या पाहुण्यांनी शुद्ध करून दिला आहे. पुन्हा टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांना मी उठून नमस्कार केला. का केला, देव जाणे. हात जोडायची सवय असते माणसाला.

मंडळी उपम्याकडे वळली. शिळेपाशी आम्ही चौघंच राहिलो: दिगंबरराव, सरोजा, गोदाबाई आणि मी. आता सांगायचं, असं मी ठरवलं होतं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. गोदाबाई शिळेजवळ गेल्या आणि त्यांनी एका अक्षरावर तळवा ठेवला.

‘मला वाचता येत न्हाई. पोरगी दुसरीपोत्तर तेलुगू शिकली. दिगूचा चश्मा कदीच साफ नसतो. तुमी लिवलंय, तर तुमीच वाचून दावा.’

मी अकरा नावं वाचली. प्रत्येक नावाला त्या मान डोलवत होत्या. एकाला ‘लई खायचा’ म्हणाल्या, एकाला ‘गेला बिचारा’. नावं संपली. पुढे पवित्र स्थळ होतं, जुलमी राजवट होती, प्राणपण होतं. माझं जुळवलेलं वाक्य तोंडात होतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

कापलेला मजकूर मला पाठ असतो, धंद्याचा दोष आहे तो. मी दगडाकडे बघत, बोटाने ओळ धरत, दगडावर नव्हतं ते वाचलं.

‘आणि तो झेंडा जिच्या वाकळीच्या पदरात शिवलेला होता, आणि जिनं झडतीवाल्यांसमोर तोंड उघडलं नाही, आणि जिला त्यापायी चूल सोडून जावं लागलं, ती गोदाबाई, पोळ्या करणारी, हिची याद या जागेला राहावी, कारण झेंडा आम्ही लावला पण ठेवला तिनं.’

दिगंबरराव दुसरीकडे तोंड करून उभे होते. सरोजा शिळेकडे बघत होती. तिला मराठी अक्षर येत नव्हतं, पण ओळी किती आहेत ते कुणालाही दिसतं. तिने आईचा पदर सारखा केला.

गोदाबाई म्हणाल्या, ‘पोळ्या नव्हं, भाकरी. पोळ्या सनाला.’ मग डोळे पुसून माझ्या गालावरून हात फिरवला. ‘बेस लिवलात बाई. लई बेस. आता दर साली हितं येते मी, आन कुनाकडून तरी वाचून घेते.’

मी ‘हो’ म्हटलं.